लाल दिवा, पिवळा दिवा आणि 24 सप्टेंबर

आमची गाडी 2009 सालची आहे. तिची नोंदणी 25 सप्टेंबरची, आणि घरी आली ती तीन दिवसांनी, दसऱ्याच्या दिवशी. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांपुरती असते आणि पुढेही ती चालवायची असेल तर परिवहन कार्यालयात गाडी दाखवून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावे लागते. त्यामुळे 24 सप्टेंबर 2024 ही तारीख मी जानेवारीतच स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवली होती. जुलैत मीटरवर ब्रेकचा दिवा लागला तेव्हा ती तारीख अडीच महिन्यांवर होती. त्या काळात काय घडले आणि पैसे कुठे गेले, हे पावत्यांची फाइल पुढ्यात घेऊन लिहिते आहे. मी पेशाने लेखापाल आहे. हवा, पेट्रोल आणि सर्व्हिसिंगची तारीख यांपलीकडे गाडीतले मला काही कळत नव्हते.

8 जुलैच्या सोमवारी पहाटेपर्यंत असा पाऊस झाला की लोकल ठप्प झाल्या, शाळांना सुट्टी द्यावी लागली आणि ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत, जिथे माझी गाडी उभी असते त्या सखल कोपऱ्यात, पाणी चाकांच्या मध्यापर्यंत चढले. दुसऱ्या दिवशी नौपाड्याला कामावर जाताना मानपाड्याच्या उड्डाणपुलावरून उतरत होते, तेव्हा मीटरवर उद्गारचिन्हाचा लाल दिवा क्षणभर लागला आणि गेला. हँडब्रेक नीट खाली आहे ना, हे चाचपून पाहिले. तो पूर्ण खाली होता. कापूरबावडीच्या वळणावर दिवा पुन्हा लुकलुकला. पुढचे तीन दिवस हेच चालले. सपाट रस्त्यावर काही नाही. उतारावर, वळणावर किंवा जोरात ब्रेक दाबल्यावर मात्र लाल ठिपका यायचा आणि जायचा.

या वागण्याचा अर्थ मला नंतर कळला. हा लाल दिवा बहुतेक गाड्यांत एकापेक्षा जास्त मालकांची चाकरी करतो. हँडब्रेक ओढलेला असला तरी तो लागतो आणि ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी खाली गेली तरी लागतो. डबीत एक तरंगता खटका असतो. तेल कमी झाले की तो खाली बसतो आणि दिवा लावतो. तेल अगदी काठावर असेल तर उतारावर किंवा वळणावर ते डबीच्या एका बाजूला सरकते, खटका तेवढ्यापुरता बुडी सोडतो आणि दिवा लुकलुकतो. त्यामुळे दिवा कधी लागतो हे दोन-तीन दिवस टिपून ठेवले, तर गॅरेजवाल्याला सांगण्यासारखे आपल्याकडे बरेच काही असते. मी टिपले होते, पण सांगितले नाही.

13 जुलैला, शनिवारी, शेजाऱ्यांच्या ओळखीच्या एका गॅरेजमध्ये गेले. तिथल्या मिस्त्रींनी बॉनेट उघडले, डबीवर बोट टेकवले आणि म्हणाले, “ताई, ऑइल कमी झालंय, दुसरं काही नाही. पावसाळ्यात होतं असं.” तेल भरले, 150 रुपये घेतले, दिवा गेला. ब्रेक ऑइलचा पावसाशी काय संबंध, हे विचारायचे मला सुचले नाही. इंजिन ऑइल थोडेफार जळते, पण ब्रेकचे तेल बंद नळ्यांत असते. ते जळत नाही आणि उडूनही जात नाही. त्याची पातळी दोनच कारणांनी उतरते. एक तर चाक धरणारे ब्रेकचे पॅड झिजतात आणि मागे झालेली जागा भरायला तेल पुढे सरकते, किंवा मग ते कुठून तरी गळत असते. पहिल्या कारणात नुसते तेल भरल्याने फसवणूक होते आणि दुसऱ्यात धोका वाढतो.

27 जुलैला लाल दिवा परत आला, तो या वेळी कायमचा, आणि त्याच्या शेजारी एबीएसचा पिवळा दिवाही लागला. अचानक ब्रेक दाबल्यावर चाके जॅम होऊन गाडी घसरू नये, यासाठीची ही यंत्रणा. 2009 साली ती सक्तीची नव्हती (सर्व नव्या गाड्यांना ती सक्तीची झाली ती एप्रिल 2019 पासून), पण सासऱ्यांनी आग्रहाने वरचे मॉडेल घ्यायला लावले होते. त्याच गॅरेजमध्ये पुन्हा गेले. मिस्त्री दहा मिनिटे बॉनेटखाली वाकले होते. त्यांनी 300 रुपये घेतले आणि सांगितले, “लाल घालवलाय. पिवळा सेन्सरचा आहे, त्याला ब्रेकशी काही करायचं नाही, खुशाल चालवा.” पिवळ्याबद्दल ते अर्धे खरे बोलत होते. एकटा पिवळा दिवा लागला असेल तर साधा ब्रेक लागतो, फक्त एबीएस काम करत नाही. लाल दिव्याबद्दल मी काही विचारलेच नाही. तो गेला होता आणि मला तेवढेच हवे होते.

पुढच्या आठवड्यात ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा बोटभर खाली जाते आहे असे वाटू लागले. 3 ऑगस्टच्या शनिवारी सकाळी पावसाने जरा उघडीप दिली तेव्हा बॉनेट उघडून पाहिले. डबीवरच्या खालच्या रेषेच्याही खाली तेल गेले होते आणि मीटरवर लाल दिवा नव्हता.

मी मुलीला चालकाच्या जागी बसवले आणि चावी फिरवायला सांगितली. हँडब्रेक ओढला की दिवा लागत होता, सोडला की जात होता, म्हणजे दिवा शाबूत होता. मग डबीच्या टोपणाकडे नीट पाहिले. टोपणाच्या डोक्यावर दोन पितळी पिना उघड्या दिसत होत्या. त्यांच्यावर बसणारे, चिमटीत मावेल एवढे काळे कनेक्टर उपसून, त्याच्या तोंडावर टेप गुंडाळून, शेजारच्या रबरी नळीला बांधून ठेवलेले होते. आजूबाजूच्या सगळ्यावर पंधरा वर्षांचा धुळकट चिकटा होता आणि त्यात ती टेप एकटीच चकचकीत होती. मी टेप सोडवली आणि कनेक्टर पिनांवर दाबून बसवले. काचेआडून मुलगी म्हणाली, “आई, लाल लागला.”

तीनशे रुपयांत काय विकत घेतले होते ते त्या क्षणी कळले. आठवडाभर मी गळक्या ब्रेकची गाडी घेऊन घोडबंदर रस्त्यावर मेट्रोच्या खांबांमधून आणि ट्रकच्या मागेपुढे फिरत होते, आणि ते मला सांगणारा एकमेव साक्षीदार तोंडाला टेप लावून बांधलेला होता. भांडायला गेले नाही. गेले असते तर चार शब्द ऐकून परत आले असते आणि त्या दिवशी अंगात तेवढे बळही नव्हते. गाडी मात्र त्या क्षणापासून जागची हलवली नाही. सोमवारी रिक्षाने कामावर गेले.

इथे एक उपयोगाची गोष्ट सांगते. ब्रेकचे तेल गळत असताना गाडी “हळूहळू” चालवत गॅरेजपर्यंत नेऊ नये. विम्याच्या कागदांत रस्त्यावरच्या मदतीचा पर्याय घेतलेला आहे का, ते आधी पाहावे. माझ्या पॉलिसीत तो होता आणि चार वर्षे मी त्याचे पैसे भरत होते हे मला त्या दिवशी समजले. 6 ऑगस्टला सकाळी 9.40 ला फोन केला. मागे सपाट फलाट असलेला टेम्पो 12.25 ला आला, कारण तोही वाघबीळच्या कोंडीत अडकला होता. त्याचे वेगळे पैसे लागले नाहीत. गाडी चढवताना चालकाने हँडब्रेक चालतो आहे का, हे आधी विचारले. तो तारेवर चालतो, तेलावर नाही, त्यामुळे चालत होता.

कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तपासणीचे कर धरून 590 रुपये लागले. दुसऱ्या दिवशी अंदाजपत्रक आले: एबीएसचे संपूर्ण युनिट, मजुरी, तेल आणि कर मिळून 61,840 रुपये, भाग मागवावा लागेल, तीन आठवडे लागतील. गाडी विकायला काढली असती तर हाती किती आले असते, याचा हिशेब मी मनात करूनही टाकला. सल्लागारांना कारण विचारले. ते सभ्यपणे म्हणाले, “मॅडम, लाल आणि पिवळा एकत्र लागले की युनिटच गेलेलं असतं. तुमच्या पुस्तिकेतही तेच लिहिलंय.”

पुस्तिकेत तसे खरोखरच लिहिलेले आहे, फक्त पूर्ण वाचावे लागते. एबीएसचे युनिट आणखी एक काम करते; ब्रेकचा दाब पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटून देते. ही वाटणी बिघडली तर दोन्ही दिवे एकदम लागतात, आणि तेव्हा गाडी थांबवणेच शहाणपणाचे असते. मात्र त्याच वाक्याच्या वर पुस्तिकेत असेही छापलेले आहे की, लाल दिवा लागल्यास प्रथम हँडब्रेक आणि तेलाची पातळी पाहावी. माझ्या गाडीत तेल कमी होते हे समोर दिसत होते, म्हणजे लाल दिव्याला त्याचे स्वतःचे कारण होते. मग पिवळ्याचे कारण वेगळे असू शकत नाही का? हे मी विचारले तेव्हा त्यांनी संगणकावरचा कोड दाखवला. तो पुढच्या डाव्या चाकाच्या वेगाचा संदेश येत नसल्याचा होता. युनिटबद्दल एकही कोड नव्हता.

मी जॉब कार्डावर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, पेनाने लिहिले: “आधी तेलाची गळती शोधावी. माझ्या लेखी संमतीशिवाय कोणताही भाग मागवू नये. काढलेले जुने भाग परत द्यावेत.” खाली सही केली, तारीख घातली आणि त्या कार्डाचा फोटो काढला. लेखापालाची ही सवय गाडीच्या कामात इतकी उपयोगी पडेल असे वाटले नव्हते. कोडची छापील प्रतही मागून घेतली. ती मागितल्यावर मिळते, न मागता मिळत नाही.

8 ऑगस्टला फोन आला की मागच्या उजव्या चाकाचे व्हील सिलिंडर, म्हणजे तेलाच्या दाबाने ब्रेक लावणारी छोटी नळकांडी, गळते आहे. मी दुपारची सुट्टी काढून पाहायला गेले. चाकाबरोबर फिरणारा ब्रेकचा डबा, म्हणजे ड्रम, उतरवलेला होता. सिलिंडरच्या टोकाची रबरी टोपी तेलाने फुगली होती आणि ड्रमला आतून घासून चाक धरणारे लायनर भिजून काळे झाले होते. बाहेरून चाकाला काहीच दिसत नव्हते, कारण सगळे तेल ड्रमच्या आतच मुरत होते. मिस्त्री तरुण होते पण समजावून सांगणारे होते. एका बाजूचे सिलिंडर गेले की दुसऱ्या बाजूचे तेवढ्याच वयाचे असते म्हणून जोडीने बदलावे, आणि तेलाने भिजलेले लायनर घासून पुसून पुन्हा बसवू नये, कारण त्यामुळे एक चाक धरते आणि दुसरे घसरते, हे त्यांनी सांगितले. दोन सिलिंडर, दोन्ही बाजूंचे लायनर, नवे तेल आणि मजुरी मिळून 4,310 रुपये झाले.

परत मिळालेले जुने सिलिंडर मी घरी आणून कात्रीने रबर कापून उघडले. आतली भिंत आरशासारखी हवी, तिच्यावर तांदळाच्या कणीएवढे गंजाचे खड्डे पडले होते आणि त्या खड्ड्यांवर घासून रबराची कड फाटली होती. याचा दोष पावसाला देता येत नाही, तो माझा आहे. आमच्या गाडीत लागणारे डॉट 4 जातीचे तेल हवेतला दमटपणा शोषून घेते. ताजे असताना ते किमान 230 अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण पुरेसे पाणी शोषले की हा आकडा 155 पर्यंत उतरू शकतो, आणि त्याच पाण्याने आतून गंजही चढतो. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी पूर्ण बदलायचे असते. माझ्या फाइलमध्ये ते शेवटचे बदलल्याची नोंद 2018 ची निघाली. डबीतल्या तेलाचा रंग कोऱ्या चहासारखा झाला होता आणि मी तो रंग मूळचाच समजत होते. तेल बदलून घेताना सीलबंद बाटली आपल्यासमोर उघडायला सांगावी. उघडून ठेवलेली बाटली फडताळात बसूनही ओल पितेच.

10 ऑगस्टला गाडी मिळाली. लाल दिवा गेला होता, कनेक्टर जागेवर होते आणि पेडल घट्ट लागत होते. पिवळा दिवा एकटाच उरला. दाब वाटण्याचे काम बिघडलेले असते तर लालही राहिला असता. दोन लहान दुखणी एकाच दिवशी उठून एका मोठ्या आजाराचे सोंग घेऊन बसली होती. सल्लागारांना हे सांगितले तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि युनिटचे अंदाजपत्रक रद्द केल्याची नोंद करून दिली.

यानंतर चुकण्याची पाळी माझी होती. कोड डाव्या पुढच्या चाकाच्या सेन्सरचा, तेव्हा सेन्सर गेला असणार असे गृहीत धरून मी 1,850 रुपयांचा सेन्सर इंटरनेटवरून मागवला. सर्व्हिस सेंटर बाहेरून आणलेला भाग बसवत नाही, म्हणून 20 ऑगस्टला, नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, वागळे इस्टेटमध्ये गाड्यांच्या वायरिंगचे काम करणाऱ्या एका काकांकडे गेले. पत्र्याचे लहानसे दुकान, बाकड्यावर सोल्डरिंगचा धूर, आणि भिंतीवर वायरींच्या रंगीत वेटोळ्यांच्या रांगा. काकांनी नव्या खोक्याकडे पाहिलेच नाही. जुन्या सेन्सरची वायर सोडवून तिला विजेचा रोध मोजायचा मीटर लावला, मग उजव्या चाकाच्या सेन्सरला लावला. दोन्हीकडे आकडा जवळजवळ सारखाच, बाराशे ओहमच्या आसपास. “ताई, हा मेलेला नाही. नवीन परत करून टाका.” मी ऐकले नाही. आणलाच आहे तर बसवा, म्हणाले. त्यांनी 400 रुपये घेऊन बसवला आणि कोड पुसला. दिवा गेला. मी विजयी चेहऱ्याने निघाले आणि माजिवड्याच्या सिग्नलला गाडी थांबता थांबता पिवळा दिवा पुन्हा लागला.

23 तारखेला परत गेले तेव्हा काकांनी मागच्या वेळचा विषयही काढला नाही. आधी चहा मागवला आणि मग समजावले. चाकाबरोबर एक दातेरी लोखंडी कडे फिरते, आणि सेन्सर त्याच्यापासून केसभर अंतरावर स्थिर बसून ते दाते मोजतो. “सेन्सर नुसता ऐकतो. बोलतं ते कडं. कोड एवढंच सांगतो की या चाकाकडून आवाज नीट येत नाही. मुका कोण, बहिरा कोण, ते आपण बघायचं.”

मग त्यांनी एबीएसशी बोलू शकणारा स्कॅनर लावला. (स्वस्तातले ब्लूटूथवाले यंत्र माझ्याकडेही आहे, पण ते बहुतेकदा फक्त इंजिनचे कोड वाचते, एबीएसचे कोड ‘सी’ अक्षराने सुरू होतात आणि ते वाचायला वेगळ्या ताकदीचे यंत्र लागते. हे न कळल्याने घरी “कोणताही दोष नाही” असा निर्वाळा मिळवून मी दोन दिवस खूश होते.) मी गाडी चालवायची आणि त्यांनी शेजारी बसून पडदा पाहायचा असे ठरले. इस्टेटच्या गल्लीत ताशी पंधराच्या वेगाने चाललो होतो. त्यांनी पडदा माझ्याकडे कलता केला. चार चाकांचे चार आकडे शेजारी शेजारी होते. तीन चाके 15, 15, 15 अशी शांतपणे चालत होती, आणि चौथे 15 वरून 0 वर पडून पुन्हा 15 वर उडी घेत होते, ठराविक अंतराने, चाकाच्या दर फेऱ्याला एकदा. सेन्सर मेला असता तर आकडा शून्यावरच बसला असता. दर फेऱ्याला एकदाच चुकतो म्हणजे कड्यावर एकाच ठिकाणी खोट आहे. आयुष्यभर ताळेबंदात एक रुपयाचा फरक शोधलेल्या माणसाला हा तर्क ओळखीचा होता.

गाडी जॅकवर घेऊन चाक काढले. काकांनी बॅटरी धरली, मी हब हाताने हळूहळू फिरवले. अर्ध्याहून जास्त फेरा झाल्यावर ते “थांबा” म्हणाले. गंजाने फुगून कड्याला आडवी चीर गेली होती आणि तिथे दोन दात्यांमधली फट इतरांपेक्षा नखभर मोठी दिसत होती. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत चढते त्या कोपऱ्यात मी वर्षानुवर्षे गाडी उभी करत आले होते.

कंपनीकडे हे कडे सुटे मिळत नाही, चाकाला फिरवणारा दांडा म्हणजे संपूर्ण अ‍ॅक्सल घ्यावा लागतो. काकांनी कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावरच्या एका दुकानात चौकशी करायला सांगितले आणि एक अट घातली, दाते मोजून घ्यायचे. एक दाता कमी-जास्त झाला तरी ते चाक बाकीच्या तिघांपेक्षा वेगळा वेग सांगणार आणि दिवा लागणारच. मी मुलीच्या नेलपॉलिशने एका दात्यावर खूण केली आणि मोजले. दोनदा मोजले, दोन्ही वेळा 44 आले. शनिवारी कुर्ल्याला जाऊन दुकानाच्या पायरीवर बसून नव्या कड्याचेही 44 मोजले. दुकानदार माझ्याकडे सहानुभूतीने पाहत होता. कडे 650 रुपयांचे. 27 ऑगस्टला काकांच्या ओळखीच्या मिस्त्रींनी अ‍ॅक्सल उतरवून, जुने कडे छिन्नीने तोडून, नवे तापवून बसवले. थंड झाले की ते स्वतःच आवळले जाते. अ‍ॅक्सलचा नट नवा टाकला. मजुरी 1,800, आणि स्कॅनरच्या तपासणीचे 800. गल्लीत दोन चकरा मारल्या. चार आकडे एकमेकांना धरून चालले आणि पिवळा दिवा जो गेला तो आजतागायत आलेला नाही.

रविवारी पहाटे वागळे इस्टेटच्या मोकळ्या, ओल्या रस्त्यावर मागेपुढे कोणी नाही हे पाहून ताशी तीसच्या वेगाने एकदा जोरात ब्रेक दाबून पाहिला. पायाखाली पेडल थरथरले आणि गाडी सरळ थांबली. ती थरथर म्हणजे एबीएस काम करते आहे. घाबरून पाय काढायचा नसतो.

पहिल्या 150 रुपयांपासून इथपर्यंत एकूण 10,850 रुपये झाले. त्यातले 2,250 माझ्या हट्टाचे आहेत, आणि 300 चे काय म्हणावे ते अजून ठरलेले नाही.

आता नूतनीकरण. अर्ज मुदत संपण्याच्या आधीच्या साठ दिवसांत करता येतो. उशीर झाल्यास कारसाठी दर महिन्याला 500 रुपये जादा लागतात. 29 ऑगस्टला परिवहनच्या संकेतस्थळावर बसले आणि पहिल्याच पायरीवर अडकले. नोंदीतला मोबाइल क्रमांक 2009 चा होता, कधीच बंद झालेला, आणि ओटीपी त्यालाच जात होता. क्रमांक बदलून घेण्यात चार दिवस गेले. मग कळले की गाडीच्या नावावर 500 रुपयांचे जुने ई-चलन बाकी आहे. ते भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकला नाही. ही दोन कामे कोणीही सहा महिने आधीच उरकून ठेवावीत. नूतनीकरणाची फी 5,000 रुपये (एप्रिल 2022 पूर्वी ती 600 होती), स्मार्ट कार्डाचे 200 आणि पेट्रोल गाडीचा पाच वर्षांचा हरित कर 3,000, एवढे तेव्हा भरले. नमुना 25, मूळ नोंदणीपत्र, चालू विमा, पीयूसी, पत्त्याचा आणि पॅनचा पुरावा, आणि चेसिस क्रमांकाचा पेन्सिलने घासून घेतलेला ठसा असे कागद जोडले. ठसा घेताना क्रमांकावरची धूळ रॉकेलच्या फडक्याने आधी पुसावी, नाहीतर तीनचा आठ होतो.

गणपती आणि गौरी टाळून 13 सप्टेंबरची, शुक्रवारची वेळ घेतली. सकाळी साडेनऊला रांगेत उभी राहिले, सव्वाबाराला क्रमांक आला. निरीक्षकांनी चेसिस क्रमांक ताडून पाहिला, दिवे, हॉर्न, वायपर आणि टायर पाहिले आणि चावी अर्धी फिरवायला सांगितली. मीटरवरचे सगळे दिवे एकदम लागले, तीनेक सेकंदांनी एबीएसचा गेला, हँडब्रेक सोडल्यावर लालही गेला. मग थोडे पुढे नेऊन ब्रेक दाबायला लावला आणि सही केली. हे सगळे सात-आठ मिनिटांत आटोपले. कनेक्टर टेप लावून बांधलेले असते तरीही माझी गाडी त्या सात-आठ मिनिटांत पास झाली असती, हे मला तिथे उभ्या उभ्या जाणवले. टोपण कोणी उघडत नाही, आणि एवढ्या गर्दीत कोणी उघडावे अशी अपेक्षाही करता येत नाही. पाच वर्षांची मुदत पडलेले नवे कार्ड टपालाने 5 ऑक्टोबरला आले.

12 ऑक्टोबरला दसरा होता. पूजेआधी बॉनेट उघडले, डबीभोवती जुना पंचा गुंडाळला, कारण हे तेल सांडले तर रंग खाते, आणि मुलीला चावी फिरवून हँडब्रेक सोडायला सांगितले. मी टोपण फिरवून हलकेच वर उचलले. त्याच्याखाली लोंबणारा तरंगता खटका तेलाबाहेर आला.

“लागला,” आतून आवाज आला.

टोपण पुन्हा बसवले.

“गेला.”

मग पंचा काढला, हात धुतले आणि झेंडूचा हार घातला.